यंदा कुरडया निम्म्या

कांद्याच्या माना पडायला लागल्या, की आमच्या कवठे येमाईत उन्हाळा लागला असं समजायचं. पौषात लावलेला गावरान कांदा मार्चच्या शेवटी काढायला येतो आणि तिथून पुढचे दोन महिने सगळी कामं एकमेकांच्या अंगावर पडतात. काढणी, काटणी, बराखीत भरणं. त्याच दिवसांत मिरच्यांची देठं खुडायची, मसाला कांडून आणायचा, वर्षाचं धान्य उन्हात घालून कोठीत भरायचं. वाळवणं करायची. चैत्रातल्या जत्रा, वैशाखातली लग्नं. आमचं गाव लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकरांचं. त्यांनी तमाशाच्या फडांसाठी वग लिहिले, लावण्या लिहिल्या. त्यामुळे जत्रा म्हटली की इकडे तमाशा आलाच, आणि तमाशा म्हटला की रात्रीचे पाहुणे आणि सकाळचं चहाचं पातेलं आलं. मग मुलांची परीक्षा, मुलांची सुट्टी, मुलांच्या जोडीला पाहुण्यांची मुलं. शिवाय दोन गाई, ज्यांना लग्न, परीक्षा, जत्रा यातलं काही कळत नाही. डेअरीची वेळ सकाळ-संध्याकाळ ठरलेली.

या सगळ्यात माझी अंगणवाडी. गावठाणापासून लांबच्या एका वस्तीवर मी सेविका आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, माझ्या जन्माच्याही आधी. पण अंगणवाडीची बाई म्हणजे खिचडी देणारी आणि बडबडगीतं म्हणणारी, अशीच लोकांची अजून समजूत. तीन ते सहा वर्षांची मुलं समोर बसतात, हा कामाचा एक भाग झाला. वजन-उंची घेऊन वाढीचा आलेख भरायचा, लसीकरणाच्या दिवशी आयांना घरोघर जाऊन गोळा करायचं, गरोदर आणि स्तनदा मातांना भेटी द्यायच्या, घरी न्यायच्या आहाराची पाकिटं वाटायची, आणि २०२१ पासून या सगळ्याची नोंद फोनवर पोषण ट्रॅकरमध्ये करायची. आमच्या वस्तीवर रेंज विहिरीपाशीच येते, म्हणून माझ्या निम्म्या नोंदी विहिरीच्या कठड्यावर बसून होतात. राज्यभरातल्या सेविका-मदतनिसांनी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा ५२ दिवस संप केला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेविकांचं मानधन १० हजारांवरून १३ हजार करायचा निर्णय झाला. आमचे हे रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पाळीवर जातात. दोघांचे पैसे लागतात, तेव्हा नोकरी सोडून घरी निवांत राहा असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. म्हटलं तरी मी ऐकणार नाही. हे काम मला आवडतं.

२०२५ चा एप्रिल मला अजून तारखांसकट आठवतो. ८ ते २२ एप्रिल पोषण पंधरवडा होता. म्हणजे रोज काही ना काही: पाककृती, माता बैठक, प्रभातफेरी, आणि प्रत्येकाचा फोटो. त्याच ८ तारखेपासून २५ पर्यंत राज्यात पहिली ते नववीच्या परीक्षा लावलेल्या. एरवी त्या सुमाराला मोकळी झालेली मुलं अजून पाढे म्हणत बसलेली. आणि कांदा शेतात. १ एप्रिलपासून केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवरचं २० टक्के शुल्क काढलं होतं. बाजार उचलेल या आशेवर आमच्या भागातल्या बऱ्याच जणांनी कांदा लगेच न विकता बराखीत टाकायचं ठरवलं. ठरवलं पुरुषांनी. निवडून, वाळवून, पाट्यांनी वाहून भरायचं काम बायांचं.

त्या पंधरवड्यात एका गरोदर बाईची भेट राहिली होती. सातवा महिना. घरी गेले तर कुलूप, म्हणून शेतात गेले. बांधावरच्या कडुनिंबाखाली टोळीतल्या बाया कांद्याची पात कापत बसल्या होत्या, त्यात ती. मी तिचं माता-बाल कार्ड पाहिलं, गोळ्या विचारल्या, आणि कार्डावर छापलेलंच तिला सांगितलं: रात्री आठ तास झोप, दिवसा कमीत कमी दोन तास आराम, डाव्या कुशीवर पडायचं. तिनं विळा खाली ठेवला नाही. मान वर करून म्हणाली, "बाई, तुम्ही कधी पडता?"

सगळ्या टोळीला हसू फुटलं. मीही हसले, विहिरीवर जाऊन भेटीची नोंद केली आणि पुढच्या घरी गेले.

पण उत्तर म्हणून माझ्या तोंडात जे आलं होतं, ते दिवसभर तोंडातच राहिलं. मी म्हणणार होते, "मी काय गरोदर आहे का?" आमच्याकडे दिवसा आडवं व्हायला बाईला कारण लागतं. पोटात मूल पाहिजे, अंगात ताप पाहिजे, नाहीतर वय तरी झालेलं पाहिजे. धडधाकट बाई दुपारी एक वाजता खाटेवर दिसली, की येणारा-जाणारा आधी विचारतो, "काय होतंय?" मी इतकी वर्षं बायांना आराम करा म्हणून सांगत आले, तोही पोटातल्या बाळासाठी. बाळ बाहेर आलं, दोन-तीन वर्षांचं झालं, की माझ्याही तोंडून त्या बाईसाठी आरामाचा शब्द निघत नाही. कार्डावर तसा रकाना नाही.

मग मे आला. आम्हाला मे महिन्यात आळीपाळीनं सुट्टी मिळते, आधी सेविका, मग मदतनीस, म्हणजे अंगणवाडी चालू राहते. माझी पाळी पहिल्या पंधरवड्यात. त्या पंधरवड्यात मी कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा कीस आणि वर्षाचा मसाला केला, नणंदेची दोन आणि माझी दोन अशी चार मुलं सांभाळली, आणि लग्नं गाठली. लोक भेटले की म्हणायचे, "बरंय, सुट्टी लागली तुम्हाला!" त्या वर्षी पाऊसही मेमध्येच आला. आधी वळवाचा मारा, आणि मग मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत. ज्या दिवसांत ऊन हमखास म्हणून धरून चालायचं, त्या दिवसांत आम्ही ताडपत्र्या घेऊन पळत होतो. कांद्याची पोळ शेतात भिजली. गच्चीवरची वाळवणं भिजली. सासूबाई पत्र्याखाली ओल्या कुरडया उलट्या-सुलट्या करत बसलेल्या, आणि मला एकच जाणवत होतं, की कुरडयांचं दुःख करायलासुद्धा अंगात त्राण नाही.

फोनवर शहरातल्या बायांचे व्हिडिओ येतात. स्वतःसाठी वेळ काढा, सकाळी लवकर उठा, झाडांशी बोला. पहाटे पाचला उठून शेण काढणाऱ्या बाईनं आणखी किती लवकर उठायचं? आणि वेळ काढायचा तो कुठून? माझ्या वेळेवर सासूबाईंचा, यांचा, मुलांचा, नणंदेचा, गाईंचा आणि सरकारचा हक्क आहे. त्यातला तुकडा पाहिजे असेल तर त्या त्या माणसाशी बोलूनच घ्यावा लागणार. गाई आणि सरकार सोडून.

म्हणून यंदा मी फाल्गुनातच बोलणी सुरू केली. होळी झाल्यावर एका संध्याकाळी भिंतीवरचं कालनिर्णय काढून सगळ्यांसमोर मांडलं. पहिल्यांदा सापडला तो अधिक महिना. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. म्हणजे त्या महिन्यात लग्न नाही, वास्तुशांत नाही, मुंज नाही. सगळ्यांच्या तारखा १७ मेच्या आधी दाटीवाटीनं बसणार हे उघड होतं. म्हणजे माझी सुट्टीची पाळी पुन्हा लग्नांतच जाणार. ती मी सोडून दिली. सुट्टीत विसावा मिळेल ही आशाच ठेवली नाही. १७ मेनंतर मी अंगणवाडीत परत गेलेली असेन, सकाळी काम करून जेवायच्या वेळी घरी, आणि पुढची दुपार मोकळी. निवांतपणा शोधायचा तर कामावर जाण्याच्या दिवसांतच शोधायचा, हे ऐकून हे म्हणाले, "उलटंच आहे तुझं." उलटं आहे खरं, पण कालनिर्णय तसंच सांगत होतं.

दुसरा विषय कुरडयांचा. तो सोपा नव्हता. ज्यांनी कधी केल्या नाहीत त्यांना कुरडई म्हणजे तळणीतलं एक पांढरं फूल. करणारीला ती आठवडाभर पुरते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास मारतो. चौथ्या दिवशी वाटून चोथा वेगळा करायचा, चीक गाळायचा, रात्रभर तसाच ठेवून सकाळी वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. मग चिकाच्या मापानं आधण ठेवून, मीठ-हिंग टाकून चीक ओतायचा आणि हटायचा. हे हटणं म्हणजे खरी परीक्षा. हात थांबला की गुठळी. घाट शिजला की गरम असतानाच सोऱ्यात भरून, ऊन डोक्यावर यायच्या आत घालायच्या. पहाटे चारला चूल पेटवल्याशिवाय हे होत नाही. चव मात्र अशी, की घाट शिजला की पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती उभी. गरम चीक दूध-साखर घालून खाण्यासाठी मीही लहानपणी भांडले आहे. त्यामुळे कुरडया बंद करायच्या असं माझ्या मनातही नव्हतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना म्हटलं, "आत्या, यंदा दहा किलोच्या ऐवजी पाच किलो गहू घालू."

"आणि ताईला काय देऊ? तिच्या जावेला? भोसरीला तिच्या शेजारणीसुद्धा वाट बघत असत्यात."

ताई म्हणजे माझी नणंद. मी वाद घातला नाही. माळ्यावरचा डबा खाली घेतला. त्यात २०२४ च्या कुरडया होत्या, तळाशी चुरा झालेल्या. दुसऱ्या डब्यात सालपापड्या, त्या कोणत्या साली केल्या ते दोघींनाही सांगता येईना. आत्यांनी डब्यात हात घातला, चुरा बोटांनी चाळला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "निम्म्या कर. पण पापड इकतचे नको." पापड गावातल्या बचत गटाच्या बायांकडून घ्यायचे, त्या काही बाहेरच्या नाहीत, यावर आणखी दोन दिवस गेले. शेवटी आत्या स्वतः गटात जाऊन पीठ कसं मळतात ते बघून आल्या आणि हिंग कमी पडतो एवढं सांगून त्यांनी मान्यता दिली. तेव्हा मला कळलं की त्यांचाही जीव पापडात नव्हता. आपल्या हातचं घरातून जाणं बंद झालं तर आपल्याला कोण विचारणार, ही त्यांची धास्ती होती. मसाल्याचं प्रमाण, लोणच्याचं मीठ, अनारशाचं पीठ या खात्यांची मालकी पूर्ण त्यांच्याकडे दिली. मी त्यात लक्ष घालणार नाही असं सांगितलं, आणि अजून तरी घातलेलं नाही.

कांद्याची काढणी उक्ती टोळीला द्यायची, मी शेतात जाणार नाही, हा तिसरा विषय. इथं हिशेब रोख पैशाचा होता. घरचं माणूस राबलं की मजुरी वाचते असं सगळे धरून चालतात. मी यांना विचारलं, "माझी मजुरी कुठल्या वहीत वाचली ते दाखवा." त्यांनी वही काढली नाही. टोळी आली, कांदा वेळेत बराखीत गेला. पैसे गेले ते गेले. सगळ्या घरांना हे जमणार नाही हे मला माहीत आहे, आणि ज्या बायांच्या पाठीवर माझी दुपार उभी राहिली, त्याही कुणाच्या तरी आयाच आहेत. त्यांची मुलं माझ्याच अंगणवाडीत बसलेली असतात. याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या दिवसांत अंगणवाडी उघडायची वेळ अर्धा तास अलीकडे आणली, म्हणजे त्यांना पोरं सोडून उन्हाच्या आत शेत गाठता आलं. एवढंच माझ्या हातात होतं.

केंद्राच्या सांख्यिकी खात्यानं २०२४ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली होती. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. मुलं-म्हातारी सांभाळण्यात बायांचा १३७ मिनिटं, पुरुषांचा ७५. पेपरातला हा आकडा मी यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "८८ जरा जास्तच वाटतात." प्रामाणिक माणूस आहे. पण मला त्या पाहणीत एक काम सापडलं नाही, आणि तेच मला सगळ्यात दमवतं. गॅसची टाकी कधी संपेल, आत्यांच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्या, पेंड कधी सांगायची, धाकट्याचा दाखला कुठे ठेवला, कुणाच्या लग्नाला किती आहेर आला होता. हात भांडी घासत असतात आणि डोक्यात हे सगळं चालू असतं. मिनिटं कशी मोजणार त्याची?

आधी घरात कामं वाटलेली नव्हती असं नाही. हे टाकी आणायचे, पण मी आठवण केली की. लेक पाणी भरायची, पण मी हाक मारली की. म्हणजे काम त्यांचं, आठवण माझी. यंदा काम देताना आठवणही त्याच्यासोबत देऊन टाकली. कपाटाच्या दारावर आतून कागद लावला: टाकी, पेंड, लाईट बिल, डेअरीचा हिशेब यांच्याकडे. पिण्याचं पाणी आणि धाकट्याच्या वह्या-पुस्तकं लेकीकडे. गोळ्या आत्यांनी स्वतः बघायच्या. मी विचारणार नाही, सुचवणार नाही, चुकलं तर टोमणा मारणार नाही. हे शेवटचं फार जड गेलं. चैत्रात एकदा ऐन पोळ्या करताना टाकी संपली. मी गप्प उभी राहिले. हे गाडीला किक मारून शेजारच्या गावाहून टाकी घेऊन आले, तोवर आत्यांनी बाहेरच्या चुलीवर तवा टाकला होता. त्यानंतर टाकी संपायच्या आत दुसरी दारात असते.

नणंदेला फोन करायला मात्र मला धीर गोळा करावा लागला. दरवर्षी ताईंची मुलं परीक्षा संपली की येतात आणि शाळा उघडेपर्यंत राहतात. ती मला जड नाहीत, माझी मुलं त्यांच्याशिवाय राहत नाहीत. पण चार पोरांचा सबंध उन्हाळा एका बाईच्या अंगावर पडतो. "ताई, यंदा मुलं अक्षय्य तृतीयेनंतर येऊ देत, आणि वटपौर्णिमेची वाट न बघता अधिकात घेऊन जा. आणि मधले पंधरा दिवस आपली दोघं तुमच्याकडे भोसरीला." पलीकडं शांत. मग ताई म्हणाल्या, "आईनं सांगायला सांगितलं का?" मी म्हटलं, "नाही, मीच सांगतेय." पुन्हा शांत. मग त्या एकदम हसल्या. "अगं, माझ्याकडं दोन खोल्या. पण पाठव. त्यांना मेट्रोत तरी बसवते." त्या फोनला मी वर्षानुवर्षं घाबरत होते.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या हातात नाही. आमच्या लहानपणीचा उन्हाळा सगळा बाहेर होता. अंगणात, ओढ्यात, रात्री चांदण्यात वाकळ टाकून. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसात बिबट्या आला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या शेजारच्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन जणांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं. लोक मंचरला महामार्गावर उतरले. तेव्हापासून दिवेलागणीला आमच्या वस्तीवर दारं बंद होतात. अंगणात झोपायचं आता कुणी नाव काढत नाही. ऊस तुटल्यावर लपण जाते, जनावर चाऱ्याच्या वावरात, घराच्या जवळ सरकतं. म्हणून सुट्टीत पोरांना मोकळं सोडा हा सल्ला इथं कामाचा नाही. पहाटे आणि संध्याकाळी बाहेर सोडायचं नाही, आणि दुपारी बाहेर ऊन. उरते घरातली दुपार, आणि घरातल्या दुपारी चार पोरं म्हणजे आईला डोळा लागणं मुश्कील.

त्यावर वस्तीवरच्या आम्ही तिघींनी वार लावून घेतले आहेत. एका दुपारी सगळी पोरं एकीच्या पडवीत, दुसऱ्या दुपारी दुसरीच्या. जिचा वार तिनं फक्त दारात बसायचं. गाणी नाहीत, हस्तकला नाही, शिबिर नाही; ते मी पगारावर करते, घरी करणार नाही. कॅरम, पत्ते, सागरगोटे आणि अंगणवाडीतली फाटकी गोष्टींची पुस्तकं. पहिल्या आठवड्यात पोरांनी "कंटाळा आला" म्हणून डोकं खाल्लं. एका शेजारणीनं विचारलं, शिरूरला अबॅकसचा क्लास लागलाय, घालायचं का? आणि ने-आण कोण करणार? क्लास पोराचा आणि फेऱ्या आईच्या. आम्ही नको म्हटलं. कंटाळलेल्या पोरांनी आता पुठ्ठ्याचा गाव मांडलाय. त्यात येमाईचं देऊळ आहे, डेअरी आहे आणि वनखात्याचा पिंजराही आहे.

ज्या दुपारी माझा वार नसतो, त्या दुपारी मी पडते. कार्डावरच्यासारखी, डाव्या कुशीवर. सुरुवातीला झोप कुठली! कान अंगणात. गाय हंबरली की उठायची, भांडं वाजलं की उठायची. एकदा शेजारच्या काकू आल्या. आत्यांनी त्यांना बाहेरच थोपवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "तिला जरा बरं नाही." मी आतून ऐकलं. उठून सांगावंसं वाटलं, की मला चांगलं बरं आहे. पण उठले असते तर पडणंच संपलं असतं, म्हणून पडून राहिले. संध्याकाळी काकूंनी गवती चहाचा काढा पाठवला. तो आम्ही सगळ्यांनी घेतला.

रात्री आत्यांना विचारलं, तुम्ही कधी दुपारी पडत होता का? त्या म्हणाल्या, "पहाटं जात्यावर बसायचं, दिवसा रानात. पडायचं म्हंजे बाळंतपणात." आमच्या शेजारच्या सविंदण्यातल्या बायांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात आहेत. लोक त्या ऐकून हरखून जातात, मीही जाते. पण मला प्रत्येक ओवीमागं अंधारात उठलेली बाई दिसते. तिला गाता येत होतं हे खरं, आणि तिला आणखी तासभर झोप हवी होती, हेही खरंच असणार.

आता अक्षय्य तृतीया झाली. कांदा बराखीत आहे, कुरडया निम्म्या झाल्या आणि डब्यात जाऊन बसल्या. पुढं मेचा पंधरवडा लग्नांचा, तो जाईल तसा जाईल. त्यानंतरचा अधिक महिना मी मोकळा धरला होता खरा, पण आमच्याकडे अधिक म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. ताईंचे मालक आमचे जावई. आणि मी कुणाची तरी लेक असल्यानं, निघोजला माझ्या माहेरी आमचे हे जावई. म्हणजे एक जेवण घालायचं आहे आणि एक जेवायचं आहे. आत्यांनी अनारशांचे तांदूळ कधी भिजत घालायचे ती तारीख लेकीकडून कालनिर्णयावर लिहून घेतली आहे. माझं त्यात काही काम नाही असं त्या दोनदा बोलल्या.

माहेरी मुक्कामी राहायचं मी ठरवलं आहे. काल जेवताना यांनी विचारलं, "त्या दिवशी गाईंचं दूध कोण काढणार?"

मी म्हटलं, "बघा तुम्ही. लावा कागदावर."